सोमेच्या घरचे राज्य

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दर वर्षी कोणी तरी सभासद भगिनी एखाद्या विषयावर चार शब्द बोलते, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. या वर्षी ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठ्या विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. परंतु दुपारची झाकपाक झाली की तासभर काही तरी वाचायचे, ही सवय मी संसारात पडल्यावरही सोडलेली नाही. त्या वाचनातूनच आजचा विषय निघाला आहे.

अंकोर वाटच्या मंदिराचे चित्र तुम्ही बहुतेकींनी पाहिले असेल. कंबोडिया देशातले ते प्रचंड मंदिर बाराव्या शतकातले आहे, आणि ते ज्या ख्मेर साम्राज्यात उभे राहिले त्याचा आरंभ इ. स. ८०२ पासून धरतात. साम्राज्याविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. पण मला प्रश्न पडला तो असा, की मंदिराला जसा पाया असतो तसा या साम्राज्यालाही असणारच. मग त्याच्या आधी तिथे कोण राहत होते? कोणाचे राज्य होते? शोधायला लागले तेव्हा राजांची नावे सापडलीच, पण त्या राजांच्या मागे उभ्या असलेल्या बायकाही दिसू लागल्या. त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

प्रथम जागा समजून घेऊ. आपला पूर्व किनारा सोडला, बंगालचा उपसागर ओलांडला, मलायाची लांबट जमीन मागे टाकली, की पुढे मेकाँग नावाची मोठी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळचा सखल, पाणथळ, भाताचा मुलूख म्हणजे आजचा कंबोडियाचा दक्षिण भाग आणि व्हिएतनामचे दक्षिण टोक. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत इथे जे राज्य होते त्याला चिनी लोक ‘फूनान’ म्हणत. त्याच्यामागून उत्तरेकडच्या लोकांचे जे राज्य पुढे आले त्याला चिनी लोक ‘चेन्ला’ म्हणत. ही दोन्ही नावे परक्यांनी ठेवलेली आहेत. शेजारच्या गावची माणसे जशी आपल्या आळीला भलतेच नाव ठेवतात, तसा हा प्रकार.

फूनानच्या आरंभाची एक गोष्ट आहे. ती दोन तऱ्हांनी सांगतात.

तिसऱ्या शतकाच्या मध्याला चीनमधल्या वू राज्याने कांग ताय आणि चू यिंग असे दोन वकील फूनानला पाठवले होते. त्यांनी तिथे ऐकलेली हकीकत लिहून ठेवली. त्यांचे मूळ ग्रंथ नाहीसे झाले, पण पुढच्या चिनी ग्रंथांत त्यांतले उतारे राहिले आहेत. ते सांगतात, की या मुलुखात पूर्वी एका राणीचे राज्य होते. तिच्या चिनी नावाचा अर्थ ‘विलो वृक्षाचे पान’ असा होतो. समुद्रापलीकडून एक परका पुरुष गलबतातून आला. त्याला स्वप्नात देवाने धनुष्य दिले होते. राणी आपली गलबते घेऊन त्याला लुटायला गेली. त्याने बाण मारला, तो तिच्या गलबतातून आरपार गेला, आणि ती घाबरून शरण आली. मग त्याने तिच्याशी लग्न केले, तिला अंगभर वस्त्र नेसायला शिकवले आणि तो राज्य करू लागला. या पुरुषाचे चिनी नाव म्हणजे आपला ‘कौंडिण्य’ असे विद्वान मानतात. कौंडिण्य गोत्राची घराणी आपल्या महाराष्ट्रातही आहेत, तेव्हा हे नाव कोणाला परके वाटू नये.

दुसरी तऱ्हा एका संस्कृत शिलालेखात आहे. तो शेजारच्या चंपा राज्यात, हल्लीच्या व्हिएतनाममधल्या मी सन या ठिकाणी, इ. स. ६५८ मध्ये कोरलेला आहे. त्यात म्हटले आहे, की द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला कौंडिण्याने त्या भूमीत रोवला, आणि नागराजाची कन्या सोमा हिच्याशी त्याने विवाह केला. इथे बाण नाही, भीती नाही, शरणागती नाही, लग्न आहे.

आता कंबोडियातील साध्या लोकांनी ही गोष्ट कशी सांभाळली ते पाहा. ते नवऱ्या मुलाला प्रेआ थोंग आणि नागकन्येला नेआंग नेआक म्हणतात. त्यांच्या गोष्टीत नागराजा पाणी पिऊन टाकतो, खालची जमीन उघडी पडते, आणि ती तो लेकीजावयाला देतो. म्हणजे देशाची जमीन हीच मुलीच्या बापाने दिलेली भेट! अजूनही तिथल्या लग्नात नवरदेव नवरीच्या शेल्याचे टोक हातात धरून तिच्या मागोमाग चालतो. आपल्याकडे शेल्याची गाठ मारतात आणि नवरी मागून चालते. तिथे पुढे ती, मागे तो. लग्नही जुन्या रीतीने मुलीच्या घरी लागते. प्रेआ थोंग नागलोकात गेला तेव्हा त्याला वाट माहीत नव्हती, तिला होती; म्हणून त्याने तिचा पदर धरला, असे ते सांगतात.

भगिनींनो, याला आपल्या भाषेत सरळ शब्द आहे. कौंडिण्य हा घरजावई होता.

हे मी थट्टेने म्हणत नाही. त्या देशाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले, की कोणी तरी अभिमानाने म्हणतेच, ‘ते सगळे आपणच त्यांना दिले, आपल्या लोकांनी जाऊन त्यांना शहाणे केले.’ देव आपले, संस्कृत आपले, राजांची नावे आपली, हे खरेच आहे आणि त्याचा आनंद मलाही होतो. पण भारतातून फौज जाऊन तो देश जिंकला, असा कोठेही पुरावा नाही. गेली ती व्यापाऱ्यांची गलबते, आणि त्यांच्याबरोबर ब्राह्मण, भिक्षू व कारागीर. ज्या घरी ते गेले ते घर आधीच नांदते होते. फूनानचे एक मोठे नगर आजच्या अंकोर बोरेई गावाच्या जागी होते. तिथे उत्खनन झाले तेव्हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापासून वस्ती असल्याचे दिसून आले. त्या नगरापासून ऑक इओ या बंदराकडे लांबच लांब सरळ कालवे खोदलेले होते. पाण्याचे शहाणपण त्यांचे त्यांना होते.

ऑक इओ हे बंदर आज व्हिएतनामच्या हद्दीत आहे. मालरे नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९४४ मध्ये तिथे खणायला सुरुवात केली, तेव्हा सोन्याचे दागिने, मणी, ब्राह्मी अक्षरांच्या मुद्रा, आणि रोमच्या अंतोनिनस पायस या बादशहाचे नाव असलेले पदकसुद्धा निघाले. एवढ्या दूरचा माल तिथे उतरत होता. पण मला सर्वांत जवळची वाटली ती वस्तू अलीकडे निघाली. त्याच जागी संशोधकांना दगडी पाटे-वरवंटे मिळाले, आणि त्यांच्या खाचांत अडकलेल्या कणांची तपासणी करून २०२३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. हळद, आले, कुळिंजन आणि त्याच जातीची आणखी दोन मुळे, लवंग, जायफळ आणि दालचिनी अशा आठ मसाल्यांचे अंश त्यांत होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते वाटण! तिथे मिळालेल्या एका जायफळाला तर अजून वास येत होता म्हणतात.

आता हे वाटण कोणाचे? लवंग आणि जायफळ पूर्वेकडच्या बेटांतले, पाटा-वरवंट्याची तऱ्हा भारतातली असेल, मुळे तिथल्याच रानातली. पण पाट्यावर बसून ज्या बाईने ते वाटले, तिने किती काय घालायचे ते स्वतःच्या जिभेने ठरवले. आपल्या घरी सून येते तेव्हा माहेरचा एखादा मसाला घेऊन येते, आणि पुढे त्या घरची आमटी बदलते. ती आमटी सुनेच्या माहेरची झाली असे कोणी म्हणत नाही, आणि सासरची जुनीच राहिली असेही नाही. त्या देशाचे तसेच झाले.

हीच गोष्ट भाषेची. तिथले पुष्कळ जुने शिलालेख दोन भाषांत आहेत. देवाची स्तुती आणि राजाची कीर्ती संस्कृतात. शेते किती, गुरे किती, नारळीची झाडे किती, देवळात राबणारी माणसे किती, हा हिशेब ख्मेर भाषेत. ख्मेर भाषेतला सर्वांत जुना तारीखवार लेख अंकोर बोरेईचा आहे. तो शके ५३३ चा, म्हणजे इ. स. ६११ चा. आपणही पूजेचे मंत्र संस्कृतात म्हणतो आणि वाण्याची यादी मराठीत लिहितो. तेव्हा ही रीत आपल्याला समजावून सांगायला नको. आणि शके म्हणजे तेच, जे आपल्या पंचांगावर असते. संकल्पाच्या वेळी भटजी ज्या शकाचा उच्चार करतात, तोच शक मेकाँगकाठचे लोक दगडावर कोरीत होते.

आता राजांकडे वळू. फूनानचा पहिला मोठा राजा म्हणून चिनी ग्रंथ फान शिमान याचे नाव देतात. तिसऱ्या शतकाच्या आरंभी त्याने मोठी गलबते बांधून आसपासची पुष्कळ राज्ये जिंकली. तो स्वारीवर असतानाच वारला. त्याच्या बहिणीचा मुलगा फान चान याने गादीवरच्या हक्काच्या वारसाला मारून राज्य घेतले. या फान चानने आपला वकील थेट भारतात पाठवला, आणि भारतातल्या राजाने परतभेट म्हणून चार घोडे दिले, इ. स. २४३ मध्ये त्याने चीनलाही नजराणा धाडला. पण पुढे फान शिमानच्या दुसऱ्या मुलाने त्याला मारले, आणि त्या मुलाला फान स्युन नावाच्या सेनापतीने मारले. या फान स्युनच्या वेळी ते दोघे चिनी वकील आले. देश सुंदर आहे पण पुरुष उघडेबोडके हिंडतात हे बरे नाही, असे त्यांनी म्हटल्यावर राजाने पुरुषांना वस्त्र गुंडाळण्याचा हुकूम दिला. पहिल्या गोष्टीत राणीला वस्त्र नेसायला शिकवले म्हणतात. इथे चिन्यांच्याच लेखणीतून कळते, की वस्त्राचा हुकूम पुरुषांना द्यावा लागला. बायका त्या वेळी नेसलेल्याच होत्या.

त्याच चिनी ग्रंथांत घरगुती गोष्टीही आहेत. लोक कर म्हणून सोने, चांदी, मोती आणि सुगंधी द्रव्ये देत. त्यांच्याकडे पोथ्या आणि दप्तरे होती. विहिरी ते खणत नसत. काही दहा घरांत मिळून एक तळे असे आणि तिथूनच सगळे पाणी भरत. हे वाचल्यावर एक पुढची गोष्ट मला नीट कळली.

ती गोष्ट कौंडिण्य जयवर्मन् या राजाच्या वेळची. त्याने इ. स. ४८४ मध्ये नागसेन नावाच्या भिक्षूला वकील करून चीनला पाठवले होते, आणि ५०३ मध्ये चीनच्या बादशहाने त्याला मोठा किताब दिला. या राजाचे नाव इतिहासात त्यामुळे आहे. पण त्याच्या पट्टराणीचे नाव दुसऱ्याच कारणाने राहिले. तिचे नाव कुलप्रभावती. तिचा संस्कृत शिलालेख कंबोडियाच्या दक्षिणेकडच्या ताकेओ प्रांतात मिळाला. इंद्राची शची, अग्नीची स्वाहा, विष्णूची लक्ष्मी तशी ही जयवर्मनाची राणी, असे तिचे वर्णन आहे. आणि सुखे क्षणभंगुर आहेत हे जाणून तिने एक आश्रमस्थान, तळे आणि राहण्याची जागा बांधली असे सांगितले आहे. ज्या देशात घरोघरच्या बायका तळ्यावरून पाणी आणत होत्या, तिथे राणीने तळे बांधले. बादशहाच्या किताबापेक्षा ते काम कोणाच्या जास्त उपयोगी पडले असेल, हे डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला विचारावे.

जयवर्मन् इ. स. ५१४ मध्ये वारला. त्याचा एक मुलगा रुद्रवर्मन्, हा पट्टराणीचा नव्हे. त्याने धाकट्या हक्काच्या भावाला मारले आणि गादी घेतली. रुद्रवर्मनाने ५३९ मध्ये चीनला जिवंत गेंडा भेट पाठवल्याची नोंद आहे. त्याच्यानंतर फूनान खालावत गेले. लक्षात घ्या, दर वेळी गादी बदलताना घरातच रक्त सांडले आहे.

मग पुढे आले चेन्ला. सहाव्या शतकाच्या शेवटी भववर्मन् हा राजा झाला, आणि त्याच्या घराण्यातला चित्रसेन हा त्याचा उजवा हात होता. चित्रसेनाने मेकाँग आणि मून नद्यांच्या काठी जिथे जिथे जय मिळवला तिथे शिवलिंगे स्थापली आणि लेख कोरले. भववर्मनामागे तो महेंद्रवर्मन् या नावाने राजा झाला. त्याचा मुलगा ईशानवर्मन्. याने ईशानपूर ही राजधानी वसवली. हल्ली तिला सांबोर प्रेई कुक म्हणतात. विटांची शंभराहून अधिक देवळे तिथे रानात उभी आहेत, काही आठ कोनांची आहेत, आणि २०१७ मध्ये ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली.

ईशानवर्मनाने इ. स. ६१६ च्या सुमारास चीनला वकील पाठवला. त्या वेळच्या चिनी इतिहासात त्याच्या नगराचे वर्णन आहे. वीस हजारांहून अधिक घरे, मध्ये राजाचे सभागृह. दर तीन दिवसांनी राजा पाच प्रकारच्या सुगंधी लाकडांच्या आसनावर बसून दरबार भरवतो. लोक सकाळी स्नान करतात, काडीने दात घासतात. उजवा हात शुद्ध आणि डावा अशुद्ध मानतात. लग्नात नवऱ्या मुलाकडून नवरीला फक्त एक वस्त्र येते. मग दोन्ही घरची माणसे आठ दिवस घराबाहेर पडत नाहीत आणि रात्रंदिवस दिवे जळत ठेवतात. हुंडा नाही, मानपान नाही, एक वस्त्र आणि आठ दिवसांचे दिवे! पण त्याच पानावर असेही आहे, की नवा राजा गादीवर बसला की त्याच्या भावांचे बोट किंवा नाक कापून त्यांना निराळे ठेवतात. व्यंग असलेल्याला गादी मागता येऊ नये म्हणून. जुन्या काळचे सगळेच सोन्याचे होते असे मानू नये, एवढ्याकरिता हे सांगितले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिथे येते. भववर्मनाला एक बहीण होती. वीरवर्मनाची कन्या. सोमशर्मा नावाच्या वेदवेत्त्या ब्राह्मणाशी तिचे लग्न झाले होते. या सोमशर्म्याने मेकाँगच्या काठी देवाची स्थापना केली, त्या देवळाला रामायण, पुराण आणि संपूर्ण महाभारताच्या पोथ्या दिल्या, आणि रोज त्यांचे वाचन चालावे अशी व्यवस्था केली. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात तशी. पण तिथे बारा महिने. चौदाशे वर्षांपूर्वी मेकाँगकाठी रोज महाभारत वाचले जात होते. हे सारे एका शिळेवर कोरलेले आहे. त्या शिळेवर राजाचे नाव आहे, बापाचे नाव आहे, नवऱ्याचे नाव आहे, हिरण्यवर्मन् या मुलाचेही नाव आहे. ती स्वतः पतिव्रता होती, जणू दुसरी अरुंधतीच, असेही आहे. फक्त तिचे नाव नाही.

मी ते वर्णन दोनदा वाचले. अमक्याची मुलगी, तमक्याची बहीण, याची बायको, त्याची आई. पोथ्या कोणाच्या घरच्या पैशातून आल्या, वाचन लावावे हे प्रथम कोणाच्या मनात आले, हे आता कोण सांगणार? नाव असते तर निदान त्या नावाने तिला हाक मारता आली असती.

याच्या उलट एक चमत्कारिक गोष्ट सांगते. ख्मेर भाषेतल्या त्या हिशेबाच्या लेखांत देवळात राबणाऱ्या माणसांची नावे एकेक करून लिहिलेली असतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, दळणकांडण आणि शेतकाम करणाऱ्या बायकांची नावे, आणि कोणाच्या कडेला मूल आहे तेही. म्हणजे दासीचे नाव दगडावर आहे आणि राजाच्या बहिणीचे नाही! पण त्यात फार सुख मानू नका. दासीचे नाव लिहिले ते ती देवळाची मालमत्ता म्हणून, गुरांच्या आकड्याशेजारी. हिशेब ठेवायचा म्हणून एकीचे नाव लिहिले, आणि मान ठेवायचा म्हणून दुसरीचे गाळले. दोन्हींमध्ये बाईला कोणी विचारले नाही.

तरीही काही जणींनी आपले नाव स्वतः कोरवून घेतले. ईशानवर्मनानंतर काही वर्षांनी जयवर्मन् पहिला हा चेन्लाचा बलवान राजा झाला, त्याने इ. स. ६८१ पर्यंत तरी राज्य केले. त्याच्यामागे गादीवर दिसते ती त्याची मुलगी जयदेवी. शके ६३५, म्हणजे इ. स. ७१३ चा तिचा लेख पुढे जिथे अंकोर वसले त्या परिसरात मिळाला. त्यात ती काळ वाईट आल्याचे दुःख सांगते, आणि शिवाच्या देवस्थानाला दान देते. तिची बहीण शोभाजया हिचे लग्न भारतात जन्मलेल्या शक्रस्वामी नावाच्या ब्राह्मणाशी झाले होते, हेही त्याच लेखातून कळते. पाहा, बाईने लेख कोरवला तेव्हा बहिणीचे नाव त्यात आले. त्या दोन लेखांमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांचे अंतर आहे; पण मला फरक दिसला तो लिहवून घेणाऱ्या हाताचा.

जयदेवीचे दुःख खरे होते. आठव्या शतकाच्या आरंभीच चेन्लाचे दोन तुकडे झाले. चिनी लोक एकाला जमिनीवरचे चेन्ला आणि दुसऱ्याला पाण्याचे चेन्ला म्हणत. लहान लहान राज्ये झाली. त्यांपैकी मेकाँगकाठच्या शंभुपूर येथे राण्यांची परंपरा दिसते. तिथली ज्येष्ठार्या नावाची राणी इ. स. ८०३ मध्ये देवाला दान देते आणि आपल्या आजी-पणजीच्या पिढ्या सांगते. त्याच शंभुपुराच्या भागातल्या एका शिळेवर शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३ हे वर्ष आकड्यांत कोरले आहे, आणि मधले शून्य एका ठिपक्याने दाखवले आहे. जगात आजवर मिळालेल्या सर्वांत जुन्या तारीखवार शून्यांपैकी हे एक आहे. आपल्या पंचांगाचा शक आणि हा ठिपका एकाच दगडावर आहेत, हे मला फार गोड वाटले.

ज्येष्ठार्येच्या दानाच्या एकच वर्ष आधी, ८०२ मध्ये, महेंद्रपर्वतावर जयवर्मन् दुसरा याने स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेण्याचा मोठा विधी केला. हल्ली त्या डोंगराला कुलेन म्हणतात. तिथून साम्राज्य सुरू झाले असे धरतात. हा विधी कळतो तो इ. स. १०५२ च्या शिलालेखावरून, म्हणजे अडीचशे वर्षांनंतर लिहिलेल्या. पुढच्या राजांनी आपला वंश सांगताना कधी कौंडिण्य आणि सोमेचे नाव घेतले, तर कधी कंबु ऋषी आणि मेरा अप्सरेचे. कंबुज, कंबोडिया हे नाव त्या कंबूवरूनच आले असे सांगतात. पण दोन्ही वंशांत आरंभी एक जोडपे आहे. एकटा पुरुष आरंभी उभा केला, असे त्या लोकांनी केले नाही. गादीसाठी भावाने भावाला मारले, नाक कापले, सगळे केले; तरी हक्क सांगायची वेळ आली की आजीपर्यंत जावे लागे. घर सोमेचे होते, ही आठवण त्यांनी मोडली नाही.

भगिनींनो, आता आपल्या घरातले थोडे बोलते. आपल्या मंडळाच्या खोलीत देणगीदारांचा लाकडी फलक आहे. परवा झाडलोट करताना मी तो पुसला आणि सगळा वाचला. त्यावर १९ ओळी आहेत. त्यांपैकी ७ ओळी अशा आहेत: ‘अमक्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ’, ‘तमक्यांच्या सौभाग्यवतींकडून’. मंडळ बायकांचे, पैसे बायकांचे, फलक लावला बायकांनी. आणि ७ बायकांची नावे त्यावर नाहीत. यात कोणाचा दोष नाही. त्या वेळी तीच रीत होती, आणि आदरानेच तसे लिहिले होते. अरुंधतीची उपमासुद्धा आदरानेच दिली होती.

त्या सातांतल्या एका ओळीची हकीकत आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक आहे. मंडळाचे पहिले शिवणयंत्र ज्या पाटल्या मोडून आले, त्या पाटल्या त्या बाईंच्या होत्या. त्या यंत्रावर शिकलेल्या कितीतरी मुलींनी पुढे आपापले घर चालवले. फलकावर त्या फक्त कोणाच्या तरी मातोश्री आहेत. मी आमच्या आळीतल्या सर्वांत वृद्ध आजींकडे जाऊन विचारले. त्यांनी जरा डोळे मिटले, आणि मग माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे सांगितली. आणखी दहा वर्षांनी ते सांगणारे कोणी राहणार नाही.

म्हणून या वर्धापनदिनी माझी कार्यकारिणीला एवढीच विनंती आहे. त्या ७ नावांचा शोध या वर्षातच घ्यावा, आणि फलक रंगवायला काढाल तेव्हा ती नावे त्यावर घालावीत. जुनी ओळ पुसू नये. मुलाचे, नवऱ्याचे नाव असू द्यावे. फक्त तिच्या शेजारी तिचे नाव लिहावे. मला मिळालेले एक नाव मी चिठ्ठीवर लिहून चिटणीसबाईंच्या हाती दिले आहे. उरलेली ६ तुम्ही आपापल्या घरच्या आजीला, आत्याला, मावशीला विचारून आणावीत.

 आता पुढचा कार्यक्रम सुरू करावा.